‘फ्लो’: कॅमेरा मांजराच्या उंचीवर

‘फ्लो’ (2024) हा लॅटव्हियन अ‍ॅनिमेशनपट म्हणजे पुरात सापडून इतर प्राण्यांसोबत होडीतून निघालेल्या एका मांजराची गोष्ट, आणि त्यात 85 मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसच्या या चित्रपटाला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं आणि तेव्हापासून ‘फुकटच्या ब्लेंडरमध्ये (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) केलाय म्हणे’ याचीच चर्चा जास्त. खरंच आहे ते. पण ब्लेंडर तर आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या लॅपटॉपवर पडून असतं. बघायचं ते हे, की सुमारे 35 लाख युरोंत काम भागवताना हात कुठे आखडला आणि कुठे सैल सोडला.

आखडला तो रेंडरिंगमध्ये, म्हणजे थ्रीडी दृश्यातून शेवटचं चित्र काढण्यात. ब्लेंडरमधलं सायकल्स हे इंजिन प्रकाशाचे किरण मोजत बसतं. ईव्ही हे त्यातलंच दुसरं इंजिन व्हिडिओ गेमसारखं झटपट चित्र काढून देतं. ‘फ्लो’ ईव्हीत केलाय. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 85 मिनिटांच्या 1,22,400 होतात. एका फ्रेमला 10 सेकंद लागले तर एका मशीनवर साधारण 14 दिवस. 10 मिनिटं लागली तर 850 दिवस! अर्थात ईव्हीचं दुखणंही आहे. स्क्रीन-स्पेस पद्धतीत, म्हणजे पडद्यावर दिसतं तेवढ्यावरूनच प्रतिबिंब काढताना, फ्रेमबाहेरची वस्तू प्रतिबिंबात येतच नाही, त्यामुळे कॅमेरा वळला की पाण्यातलं झाड कडेला अचानक तुटतं. पुरावरच्या सिनेमात हे किती छळत असेल!

अंगावरचे केसही सुटे नाहीत, रंगाच्या फटकाऱ्यांसारखं टेक्स्चर आहे. काहींना ते अपुरं वाटलं. मला ते योग्य वाटतं, कारण नजर केसांवर न अडकता हालचालीवर जाते.

आणि हात सैल सोडलाय तो नेमका हालचालीत. मोशन कॅप्चर (खऱ्या हालचाली टिपून वापरणं) नाही, सगळं हाताने की-फ्रेम केलेलं, म्हणजे महत्त्वाची प्रत्येक पोझ अ‍ॅनिमेटरनेच ठरवलेली. सुरुवातीला हे मांजर कुणालाच जवळ करत नाही, आणि ते कळतं ते कानांवरून. कान आधी वळतात, मग डोकं, धड सगळ्यात शेवटी. तिन्ही एकाच फ्रेमवर वळवलीत तर मांजराचं खेळणं होतं. शेपटीचंही तसंच: लाट मुळापासून टोकाकडे जायला हवी, प्रत्येक सांधा आधीच्यापेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा. नवशिक्यांची शेपूट गाडीच्या वायपरसारखी हलते ती इथेच चुकल्यामुळे.

स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची आधी काढलेली चित्रं, केलेच नव्हते. आधी थ्रीडीत जागा उभी करायची, मग त्यात आभासी कॅमेरा घेऊन शॉट शोधत फिरायचं, अशी झिल्बालोडिसची पद्धत. म्हणून कॅमेरा मांजराच्या मागे, त्याच्याच उंचीवर धावतो, आणि शॉट लांबच लांब चालतात. लांब शॉटमध्ये लपायला जागा नसते. पंजा जमिनीवर टेकल्यावर इंचभर जरी घसरला तरी वजन गेलं समजा. कट मारून सुटका नाही.

आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. एक गंमत: होडीतल्या आळशी, भल्या कॅपीबाराला (उंदराच्या जातकुळीतला मोठा प्राणी) खऱ्या कॅपीबाराचा आवाज शोभेना, फारच बारीक निघाला. शेवटी उंटाच्या पिल्लाचा वापरला.

होडीत भरती होते ती हा कॅपीबारा, वस्तू गोळा करणारा लेमूर (माकडाचा लांबचा नातलग), लॅब्रॅडॉर कुत्रा आणि मांजराची बाजू घेतली म्हणून स्वतःच्या थव्याने पंख मोडलेला सेक्रेटरी पक्षी (लांब पायांचा शिकारी पक्षी) यांची. कुणी कुणाला ‘तू आमचा’ असं म्हणत नाही. म्हणायला भाषाच नाही. पहिल्या दृश्यात मांजर पाण्यात स्वतःचं एकट्याचं प्रतिबिंब बघतं. शेवटी तसंच पाणी आणि त्यात चार चेहरे. मधल्या काळात लेमूरच्या आरशावर लक्ष ठेवा.

संवाद नसल्याने आजी आणि नातू सारख्याच तयारीने बघू शकतात. फार लहान मूल असेल तर पुराच्या लोंढ्याच्या आणि पक्ष्यांच्या भांडणाच्या वेळी जवळ घेऊन बसा. आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका, देवमासा अजून यायचाय.