सँटोरिनीची बोट का सोडली

क्रीटहून परतल्यापासून एकच प्रश्न ऐकते आहे. भिशीत, लग्नात, फोनवर. "एवढ्या लांब ग्रीसला गेलात, सँटोरिनीसारख्या सुंदर बेटाची बोट सोडलीत आणि दिवस घालवलात कुठे, तर महारोग्यांच्या बेटावर? का हो?" आधी मी सांगायचे, इतिहासाची आवड. त्या बेटावरचा, स्पिनालोंगाचा, किल्ला व्हेनिसवाल्यांनी १५७९ साली बांधायला घेतला, क्रीट तुर्कांकडे गेलं तरी हे टिचभर बेट १७१५ पर्यंत व्हेनिसच्याच ताब्यात राहिलं, वगैरे. यातलं काही खोटं नाही. पण मी त्यासाठी गेले नव्हते. तुम्ही विचारलंत म्हणून आता खरं ते सांगते.

माझ्या आजोबांना एक बहीण होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, म्हणजे तिचा विषय निघालाच तर. लग्नानंतर चार-पाच वर्षांत अंगावर चट्टे उठले, नवऱ्याने माहेरी आणून सोडलं आणि आजोबांनी तिला विदर्भातल्या एका कुष्ठधामात पोचवलं. इथपर्यंत मी कुणालाच दोष देत नाही. आमचं घर वाईट नव्हतं. घरात लग्नाच्या मुली होत्या, गाव लहान होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं, तिथे त्या काळच्या माणसांना काय बोलायचं?

पण मी तिसरीत असताना ती परत आली. बरी होऊन.

दुपारची वेळ होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेला डॉक्टरांचा कागद. आता हिच्यापासून लागण होणार नाही, असं त्यात लिहिलेलं. तो तिने आजोबांच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर चप्पल ठेवली. आजोबांनी तो उचलून वाचला. आत ये, असं कुणी म्हणालं नाही. आजीने चहा आणला तो कान तुटलेल्या कपात. हा कप न्हाणीच्या वरच्या कोनाड्यात असायचा, त्याला कुणी हात लावायचं नाही. आत्याआजीची बोटं आत वळलेली होती, म्हणून तिने तो दोन्ही तळव्यांत धरला. चहा कढत होता. तिच्या हातांना ते कळत नव्हतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं, हिला भाजत कसं नाही?

चहा संपल्यावर तिने मला हाक मारली. पिशवीतून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढून पुढे केली. मी पळाले. न्हाणीत जाऊन हातपाय धुतले, दोनदा. तिने मला शिवलंही नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीने ती गेली. आजोबा स्टँडपर्यंत सोडायला गेले, तिच्या दहा पावलं पुढे चालत. पुढे केव्हातरी कुष्ठधामातून पोस्टकार्ड आलं. आजोबांनी आंघोळ केली. दिवस नाहीत, श्राद्ध नाही.

आता बेटाचं. सँटोरिनीला निघायच्या आदल्या रात्री हॉटेलात एक माहितीपत्रक हाती आलं. १९०४ पासून कुष्ठरोग्यांना स्पिनालोंगावर आणून ठेवत. त्यांच्या हातची पत्रं आणि नाणी निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जात नसत. १९३६ मध्ये आणलेला रेमुंदाकिस हा कायद्याचा विद्यार्थी. त्याने तिथल्या रोग्यांची संघटना उभी केली, माणसासारखं जगता यावं म्हणून सरकारशी भांडला. औषध आलं, १९५७ साली वसाहत बंद झाली. आणि शेवटी एक ओळ: बेट रिकामं झाल्यावरही तिथला पाद्री १९६२ पर्यंत राहिला, तिथे मेलेल्यांचे पुढच्या वर्षांचे स्मरणविधी पुरे करायला. ती ओळ वाचून मी ह्यांना म्हटलं, उद्या आपण सँटोरिनीला जात नाही. ह्यांनी काही विचारलं नाही.

प्लाका गावातून होडीने दहाएक मिनिटं लागतात. त्या रोग्यांना समोरच्या गावातले दिवे रोज दिसत असणार. ते ज्या बोगद्यातून आत जायचे त्याला दान्तेचं दार म्हणतात, नरकाचं वर्णन करणाऱ्या कवीच्या नावावरून. त्यातून मी सरळ चालत गेले, काही झालं नाही. मी थबकले ती दफनभूमीत. सिमेंटने झाकलेल्या कबरी, त्यांवर नावं नाहीत. तिथे काहीतरी करावं असं मनात होतं. निदान हात जोडावेत. तेही जमलं नाही. मागे गाइड घड्याळ दाखवत होता.

काही जण खोचून विचारतात, मग आनंदवनात का नाही गेलात, ते तर घरचं. खरं आहे. आनंदवनाला आम्ही दरवर्षी पैसे पाठवतो, तिथे विणलेल्या चादरी घरात आहेत, आणि मी एकदाही गेलेले नाही. तिथे माणसं आहेत. ती चहा विचारतील, गोळी पुढे करतील. स्पिनालोंगावर कुणीच उरलेलं नाही, म्हणून मला जाता आलं. परतताना मी ह्यांना म्हणाले होते, मन मोकळं झालं. ते वाक्य मी मागे घेते.

यंदा सर्वपित्रीला भावाला फोन करून म्हटलं, आत्याआजीचंही नाव घे. तो गुरुजींशी बोलला आणि त्याचा उलट फोन आला. गोत्र कुठलं सांगायचं, माहेरचं की सासरचं?

मला सांगता आलं नाही.