इंजिनिअरिंगची डिग्री आणि नाटक: अमेरिकेतल्या कॉलेजात दोन्ही निभावायचं तर

अमेरिकेत इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलामुलींपैकी ज्यांना नाटकाचं वेड आहे, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: तिथे गेल्यावर नाटक सुटेल का? सुटायचं काही कारण नाही. तांत्रिक शिक्षणासाठी नावाजलेल्या तिथल्या संस्थांमध्ये नाटक जुनंच आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये, म्हणजे आजच्या कार्नेगी मेलनमध्ये, १९१४ पासून नाट्यशिक्षण चालू आहे. पर्ड्यू विद्यापीठात तर इंजिनिअरिंगच्या पदवीतच ‘थिएटर इंजिनिअरिंग’ हा विषयगट घेता येतो. अडतं ते दोन ठिकाणी: वेळेचं गणित आणि व्हिसाचे नियम. हे दोन्ही पहिल्या आठवड्यातच मांडून घेतलं, तर पुढचं बरंच सोपं होतं.

आधी वेळ. एका क्रेडिटला (विषयाचं वजन मोजायचं एकक) आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असा तिथला ढोबळ हिशेब असतो. १५ क्रेडिट घेतले की ४५ तास तिथेच गेले. तालमी साधारण आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे आणखी १५ तास. ६० तासांचा आठवडा सहा-सात आठवडे रेटता येतो. पण प्रयोगाआधीचा, दिवे-ध्वनी-नेपथ्यासकट तालमींचा ‘टेक वीक’ येतो तेव्हा रोजचे तीन तास पाचावर जातात आणि शनिवार-रविवार अख्खे जातात. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ऑडिशन दुसऱ्या आठवड्यात आणि प्रयोग आठव्या-नवव्या आठवड्यात असेल, तर टेक वीक नेमका सेमिस्टरच्या मधल्या परीक्षांवर, म्हणजे मिडटर्मवर, येऊन आदळतो. म्हणून वेळापत्रक उलटं मांडावं. प्रयोगाची तारीख आधी लिहायची, त्यामागचे दहा दिवस रिकामे ठेवायचे आणि त्या दिवसांत येणारे लॅब रिपोर्ट आणि असाइनमेंट त्याआधीच उरकायचे. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत हजेरीची सवलत मिळते तशी तिथे मिळेल, असं गृहीत धरू नका. पण तीन आठवडे आधी लेखी विचारलं, तर एखादी मुदत पुढे ढकलायला बरेच प्राध्यापक तयार होतात. आदल्या दिवशी विचारलं तर सहसा नाही.

ऑडिशनला एक ‘कॉन्फ्लिक्ट शीट’ भरून द्यावी लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आपण येऊ शकत नाही, ते त्यात लिहायचं. नव्या मुलांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. वर्गांच्या वेळा लिहितात, पण गणित, फिजिक्ससारख्या मोठ्या वर्गांच्या सामायिक परीक्षा बऱ्याचदा संध्याकाळी असतात, हे विसरतात. त्या तारखा सिलॅबसमध्ये पहिल्या दिवसापासून छापलेल्या असतात. भूमिका मिळेल की नाही या धास्तीने तारखा लपवू नयेत. आधी सांगितलेली परीक्षा दिग्दर्शक तालमीच्या आखणीत बसवून घेतो. नंतर अचानक कळवली, तर अख्ख्या प्रवेशाची तालीम खोळंबते आणि नावावर काट बसते.

आता व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याने सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. १५ घेतलेल्याने तालमींच्या रेट्यात चार क्रेडिटचा एखादा विषय सोडला की उरतात ११, आणि व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं. विषय सोडायचाच असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन परवानगी घ्यावी. सोडून मग कळवणं चालत नाही. कॅम्पसवरच्या नाट्यगृहात, सीन शॉपमध्ये (नेपथ्य बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये) किंवा तिकीट खिडकीवर पगारी काम करता येतं, पण सेमिस्टर चालू असताना सगळी कामं मिळून आठवड्याला २० तासांपर्यंतच. कॉलेजच्या नाट्यमंडळात हौसेने काम करायला काहीच आडकाठी नाही. बाहेरच्या व्यावसायिक नाटकमंडळीकडून मानधन घेणं मात्र परवानगीशिवाय नियमबाह्य आहे. जे काम एरवी पगारावर होतं, ते तिथे फुकट करणंही अडचणीत आणू शकतं.

नाटकाला क्रेडिट मिळत असतील तर जरूर घ्या. एमआयटीत प्रत्येक विद्यार्थ्याला मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रांचे आठ विषय करावेच लागतात. त्यांत अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना बसते. वूस्टर पॉलिटेक्निकमध्येही मानव्यविद्या आणि कलांचा सक्तीचा वाटा आहे आणि तो नाटकातून पुरा करता येतो. नाटकाचं मायनर, म्हणजे जोडविषय, बहुतेक ठिकाणी १५ ते २० क्रेडिटचं असतं. आमच्या मते परदेशी विद्यार्थ्याला डबल मेजरपेक्षा (दोन मुख्य विषयांपेक्षा) हेच सोयीचं. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं. त्यापुढची २४ महिन्यांची मुदतवाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पदवीवर मिळते, आणि अभिनयाची पदवी त्यात येत नाही. तांत्रिक पदवी भक्कम ठेवावी आणि नाटक तिला जोडून घ्यावं.

भूमिका मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. पहिल्या सेमिस्टरला बॅकस्टेजला जा, आणि त्यातही लाइट बोर्डवर, म्हणजे दिवे चालवणाऱ्या कन्सोलवर, बसा. बोर्ड ऑपरेटरला तालमींना रोज यावं लागत नाही. टेक वीक आणि प्रयोग एवढेच दिवस द्यावे लागतात. शिवाय आपण वर्गात शिकतो त्यातलं कितीतरी तिथे प्रत्यक्ष दिसतं. १९७५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकणारे फ्रेड आणि बिल फॉस्टर हे भाऊ आणि त्यांचे मित्र अशाच ओढीने संगणकावर चालणारा लाइट बोर्ड बनवायला बसले. त्यातून उभी राहिलेली ईटीसी ही कंपनी आज रंगमंचीय प्रकाशयोजनेतलं मोठं नाव आहे. तिचे दिवे आणि बोर्ड कॉलेजांच्या नाट्यगृहांत सर्रास दिसतात.

एक उदाहरण बारकाईने पाहू. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. २० अँपिअरच्या डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) २,४०० वॉट चालतात. ५७५ वॉटचे चार दिवे लावले तर २,३०० होतात, म्हणजे एका डिमरवर चार दिवे बसतात. मागच्या प्रयोगात कुणी त्यांतल्या बल्बांच्या जागी ७५० वॉटचे बल्ब घातले असतील, तर चारांचे ३,००० होतात आणि पूर्ण प्रकाशाचा क्यू (बदलाचा इशारा) आला की ब्रेकर पडतो. तालमीत दिवे निम्म्यावर असतात म्हणून काही कळत नाही, कळतं ते ऐन प्रयोगात. म्हणून दिवे टांगण्याआधी प्रत्येक बल्बवरचा आकडा वाचावा. एलईडी दिवे डिमरला कधीच जोडू नयेत. डिमर विजेची लाट कापून पाठवतो आणि त्याने एलईडीच्या आतला वीजपुरवठा जळू शकतो. त्यांना कायम पूर्ण वीज द्यायची. कमी-जास्त करण्याचा हुकूम डीएमएक्स या दिव्यांच्या संदेशप्रणालीच्या तारेतून जातो.

त्या एका तारेत ५१२ चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या हुकुमांच्या वाटा, मावतात. दहा चॅनेलचा दिवा १ या पत्त्यावर (त्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) असेल, तर पुढच्याचा पत्ता ११. चुकून ८ दिला, तर पहिल्याचा रंग बदलताना दुसराही भलतंच काहीतरी करू लागतो. दिवे आपोआप लुकलुकत असतील, तर साखळीच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर लावलाय का ते आधी बघा. तो नसेल तर सिग्नल टोकावरून उलटा परततो आणि मूळ सिग्नलमध्ये गोंधळ घालतो. दुसरा संशयित म्हणजे डीएमएक्सच्या जागी वापरलेली माइकची केबल.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांची जागा सीन शॉपमध्ये. चार बाय आठ फुटांचे प्लॅटफॉर्म पायांवर उभे करताना सगळे वजनाचा विचार करतात, पण प्लॅटफॉर्म सहसा डगमगतो तो आडव्या धक्क्याने. चारजण नाचले की पाय कलतात. दोन्ही दिशांना तिरपे ब्रेस (आधाराच्या पट्ट्या) मारले की तो हलत नाही.

टेक वीकमध्ये ‘क्यू टू क्यू’ चालतं. संवाद गाळून फक्त दिवे, ध्वनी, नेपथ्य बदलण्याच्या जागा घेतात. हेडसेटवर स्टेज मॅनेजर आधी ‘स्टँडबाय’ म्हणतो, ऑपरेटर ‘लाइट्स’ म्हणून होकार देतो आणि ‘गो’ ऐकल्यावरच बटण दाबतो. म्हणून ‘गो’ हा शब्द हेडसेटवर गप्पांत कधीही उच्चारायचा नाही. स्टेज मॅनेजरचं काम मोलाचं, पण सगळ्यात वेळखाऊ. ऑडिशनपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत एकही दिवस सुटत नाही. ते हलक्या सेमिस्टरला घ्यावं, शेवटच्या वर्षी कॅपस्टोन प्रोजेक्टबरोबर कधीच नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ‘स्ट्राइक’ असतो: नेपथ्य उतरवणं, दिवे खाली घेणं, केबल गुंडाळणं. नटांनीही थांबायचं असतं. सोमवारी परीक्षा असेल तर ते कॉन्फ्लिक्ट शीटमध्येच लिहून ठेवा. वायरिंगचे आराखडे, भाराचे हिशेब, पत्त्यांचे तक्ते फेकून देऊ नका. प्रकाश, ध्वनी किंवा रंगमंचीय यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलच्या पदवीवर अर्ज करताना तेच कागद मुलाखतीत पुढे ठेवता येतात. असं काम पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं असलं, की ओपीटीतही बसतं.