मी घेते, हे घेत नाहीत
"तुम्ही दरवर्षी फ्लूची लस घेता, मग यजमान का घेत नाहीत?" हे मला इतक्यांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते. माझं वय ७२, यांचं ७६. घर एक, डॉक्टर एक, पण लसीच्या बाबतीत दोघांची दोन टोकं.

हे अडाणी नाहीत, लसींच्या विरोधातही नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन मुकाट घेतात. फ्लूच्या लसीवरचा राग मात्र जुना आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आग्रहाखातर त्यांनी ती घेतली आणि चौथ्या दिवशी सर्दी-खोकल्यानं आडवे झाले. तेव्हापासून "लसीनंच फ्लू झाला" हा घरातला ठरलेला निकाल. मी सांगून पाहिलं, की या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, तेवढंच. शिवाय लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि सर्दी आणणारे इतर विषाणू ढिगानं आहेत, त्यांच्याशी या लसीचा संबंधच नाही. सगळं ऐकून घेतात. मग म्हणतात, "पण झालं ना?" यावर काय बोलणार! अंगावर आलेल्या चार दिवसांपुढे माझी माहिती फिकी पडते.

त्यांच्या एका मुद्द्यावर मात्र मी गप्प बसते. "घेऊनही फ्लू होतोच ना काहींना?" होतो. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. हा अंदाज कधी चांगला जुळतो, कधी नाही. जुळला तरी डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, आणि आमच्या वयात बहुधा त्याहूनही कमी. कारण वयाबरोबर प्रतिकारशक्तीही म्हातारी होते. ज्यांना जास्त गरज, त्यांनाच कमी फायदा, हा उफराटा हिशोब आहे खरा. त्यावर उपाय म्हणून काही देशांत ६५च्या पुढच्यांसाठी चौपट मात्रेची लस काढली आहे.

मग मी का घेते? आकडे वाचून नव्हे. ६६व्या वर्षी मला फ्लू झाला. ताप पाचव्या दिवशी उतरला, पण जिना एका दमात चढायला पुढे तीन महिने गेले. पडून राहिलं की आमच्या वयात पायांतली ताकद भराभर जाते आणि रडतखडत परत येते. त्यानंतर रक्तदाब तपासताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "लस देऊ का?" मी हो म्हटलं. खरं सांगू? त्यांनी विचारलं नसतं तर मी आपणहून गेले नसते. कितीतरी जण केवळ कुणी विचारलंच नाही म्हणून राहून जातात. एकदा घेतली की मात्र सवय लागते. दुसऱ्या वर्षी फारसा विचार करावा लागत नाही.

पुढे वाचनात आलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका साधारण सहापट झाल्याचं कॅनडातल्या एका अभ्यासात आढळलं. तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. यांच्या हृदयात एक स्टेंट आहे, म्हणून मी तो कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवला. चष्मा उचलला गेला, कागद तिथेच.

मला वाटतं, सर्दीचा तो किस्सा नुसतं निमित्त आहे. आमची पिढी ताप अंगावर काढणारी. लस 'ज्येष्ठांसाठी' म्हटली की यांना वाटतं ती शेजारच्यांसाठी आहे. बायपास झालेले शेजारी म्हणजे म्हातारे, हे नव्हेत. माझंही पहिल्या वर्षी तेच झालं होतं. सुईची भीती नव्हती, अर्जावर 'वृद्ध' या चौकोनात खूण करताना हात अडला होता.

यंदा हे माझ्या सोबतीला आले होते, आणि मला वाटतं, मनातून थोडे तयारही होते. माझं इंजेक्शन झालं, नर्सनं कापूस दिला आणि यांच्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्हालाही देऊ?"

हे माझी पर्स घेऊन बाहेर जाऊन बसले.