इतकं कळलंय, तर औषध कुठंय?

लग्नात विचारतात, सोलापुरात नव्या पेठेत दुकानात विचारतात. २०२४ साली अॅम्ब्रोस आणि रुव्हकून यांना मायक्रोआरएनएसाठी, म्हणजे पेशीतल्या जनुकांना आवरणाऱ्या छोट्या रेणूंच्या शोधासाठी, नोबेल मिळालं, तेव्हापासून तर फारच. मी मेंदूच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींवर, त्यांतल्या या रेणूंवर काम करते, म्हणून प्रश्न मला. उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबत नाही.

काकू थांबली होती. साखर पेठेतलं घर, काकांचं ऑपरेशन झालेलं, रेडिएशन चालू. गाठ साखरेवर जगते असं कुणीतरी सांगितलं आणि काकूनं चहातली साखर, भात, सगळं तोडलं. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरलेली आणि घरात तिळगूळ नाही. काका मला म्हणाले, "तू तरी सांग हिला, एक वडी दे म्हणून." काकू माझ्याकडे वळली. "खरं सांग, उपाशी ठेवली की मरते ना ती?"

माझ्या डोक्यात मिर-४५१ नावाचा मायक्रोआरएनए होता. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींना ग्लुकोज भरपूर मिळालं की हा रेणू भरपूर असतो, पेशी वाढत राहतात. ग्लुकोज कमी पडलं की तो घटतो, वाढ मंदावते आणि पेशी जागा सोडून पसरायला लागतात. उपाशी पेशी मरेलच असं नाही, ती वाट धरते. पण हे बशीतलं. त्यावरून काकांच्या वडीबद्दल काहीच ठरत नाही. रक्तातली साखर शरीर स्वतः सांभाळतं. मी एवढंच म्हटलं, "दे गं काकू."

"म्हणजे उपयोगच नाही?"

तिच्या हातात तेवढं एकच होतं, तेही मी काढून घेतलं. तेव्हाची मी म्हणते, खरं बोललीस. आजची मी म्हणते, खरं बोलायला तीच वेळ होती का? दोघींचं अजून जुळलेलं नाही.

आता औषधाचं. मिर-२१ गाठीत वाढलेला असतो आणि पेशीचं मरण अडवतो, तर तो दाबा. मिर-३४ए घटलेला असतो, तर तो परत द्या. कागदावर सोपं आहे. पण एकेक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना आवरतो. एक दाबला की काय काय सुटेल, ते पेशीपेशीवर अवलंबून. मिर-३४एची नक्कल इतर कर्करोगांच्या रुग्णांना देऊन पाहिली. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया उमटल्या, माणसं दगावली आणि २०१६ साली चाचणी थांबवावी लागली. शिवाय औषधानं रक्तातून मेंदूत शिरणं हीच पहिली अडचण. याला सबबी म्हणायच्या तर म्हणा. मी रोज त्यांच्याशीच झगडते.

'कधी' विचारलंत तर साल सांगणार नाही. मायक्रोआरएनएच्या नावानं कुणी आत्ताच इंजेक्शन विकत असेल, तर पैसे देण्याआधी मला फोन करा. रात्री केलात तरी चालेल.