क्युरेटसाठी शार्पनिंग स्टोन मागवताना: माझा अनुभव

क्युरेट म्हणजे दातांवरचा टार्टर, म्हणजे कडक झालेला थर, खरवडून काढायचं इन्स्ट्रुमेंट. बोथट क्युरेटने टार्टर निघत नाही, वरून घासून गुळगुळीत होतो आणि मग दिसतही नाही. आपलं मनगट दुखतं ते वेगळंच. आमच्या डेंटल कॉलेजच्या पेरिओ (हिरड्यांच्या आजारांच्या) विभागातले धार लावायचे दगड झिजून मध्ये खोलगट झाले होते, म्हणून नवे मागवले.

कोणते घ्यायचे यावर विभागात चटकन एकमत झालं. रोजच्या धारेला बारीक सिरॅमिक, फारच बोथट झालेल्या क्युरेटला मध्यम दाण्याचा इंडिया स्टोन (हा कृत्रिम दगड). अर्कान्सास हा नैसर्गिक दगड, धार सुरेख लावतो, पण त्याला तेल लागतं. सिरॅमिक पाण्यावर चालतो, कोरडाही चालतो. ओपीडीत तोच सोयीचा.

घोडं अडलं ते स्टोअरमध्ये. त्यांच्या यादीत एकच नाव, ‘धार लावण्याचा दगड’. आम्ही दोन प्रकार लिहिले, त्यांनी कोटेशनं त्या एका नावाने मागवली. तुलनात्मक तक्त्यात सिरॅमिकच्या शेजारी सुऱ्या-कात्र्यांचा काळा खरखरीत दगड बसला आणि अर्थातच सगळ्यांत स्वस्त ठरला. स्टोअरचे क्लार्क म्हणाले, “मॅडम, कमी दराचा सोडून दुसरा घेतला तर ऑडिटला उत्तर कोण देणार?” फाइल वर गेली, शेरा घेऊन खाली आली, पुन्हा वर गेली. ‘दर जास्त का?’ एवढाच शेरा. पोस्टग्रॅज्युएट मुलं तोवर बोथट इन्स्ट्रुमेंटवर हात बसवत होती, याचा मला आजही राग येतो.

शेवटी नमुने मागवले आणि स्टोअरच्या टेबलावरच बसले. बाद झालेल्या दोन ग्रेसी ११-१२ (ग्रेसी हा क्युरेटचाच एक प्रकार, ११-१२ हा त्याचा नंबर) घेतल्या, एक काळ्या दगडावर ओढली, दुसरी सिरॅमिकवर. मग दोन्ही अॅक्रिलिकच्या कांडीवर लावून दाखवल्या. सिरॅमिकवाली लगेच रुतली, तिने पातळ साल काढली. दुसरी खरडत गेली. भिंगातून तिच्या कडेला करवतीसारखे दाते दिसत होते. क्लार्कनी स्वतः भिंग हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे असं लिहूनच द्या ना.”

दिलं. दगडाचं द्रव्य, दाणा, पाण्यावर की तेलावर, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणं) चालतो का, पृष्ठभाग सपाट हवा, आणि खरेदीआधी नमुना तपासणी. तुमच्याकडे असाच खरेदी विभाग असेल तर हे मुद्दे पहिल्याच इंडेंटला (मागणीपत्राला) जोडा, दोन प्रकार दोन वेगळ्या ओळींत मागा. त्यानंतर आमची फाइल अडली नाही. दगड विभागात आले त्या दिवशी मी सगळ्या ग्रेसी स्वतः धारेला लावल्या, फार बरं वाटलं.

विद्यार्थ्यांसाठी एक राहिलंच. दगड आणि ब्लेडचा फेस (वरचा सपाट पृष्ठभाग) यांत १०० ते ११० अंश ठेवा, म्हणजे ब्लेडचा आतला कोन ७० ते ८० राहतो. शेवटचा स्ट्रोक खाली ओढून संपवा, नाहीतर कडेला धातूची तार राहते. ग्रेसीची एकच कड कापते, दुसरीला हात लावू नका. दिव्याखाली कडेवर पांढरी रेघ चमकली तर धार अजून आलेली नाही. आणि इंडिया स्टोन तेलावर वापरला असेल तर तेल पूर्ण धुऊन मगच ऑटोक्लेव्हमध्ये घाला.