फळीवरचा उलटा भाव

नाशकात जुना वाडा पाडला की लाकूड आधी विकलं जातं, विटा-माती नंतर. तुळया, कड्या, चौकटी, जिन्याच्या फळ्या. वरून काळंकुट्ट दिसणारं सागवान रंधा फिरला की आतून तांबूस निघतं. पूर्वी ते पुन्हा दारा-खिडक्यांतच जायचं. हल्ली तुळई उभी चिरतात, दोन फळ्यांमध्ये फट सोडतात आणि फटीत निळं इपॉक्सी ओततात. झालं नदीचं टेबल! गोदाकाठच्या माणसांना नदी निळीच हवी असते, याची मला गंमत वाटते. श्रावणात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा ते चांगलं गढूळ, तपकिरी असतं. पण तपकिरी नदी ओतलेली मी अजून पाहिलेली नाही.

इपॉक्सी तसं घरातलंच. ड्रॉवरमधल्या अराल्डाइटच्या दोन ट्यूबा म्हणजे इपॉक्सी, नळाच्या सांध्याला थापायचं एम-सील त्याच घराण्यातलं. एका भागात रेझिन म्हणजे राळेसारखा घट्ट द्रव, दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर. लाकडाच्या भेगा भरायला, पाणी आत शिरू नये म्हणून वरून लेप द्यायला यासारखं दुसरं नाही. पण त्याला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि पुढे त्याची भुकटी सुटू लागते. म्हणून अंगणात, ओटीवर राहणाऱ्या वस्तूला इपॉक्सीवरून ऊन अडवणाऱ्या वॉर्निशचे हात द्यावे लागतात. लाकडी होड्या बांधणारे हे करतच आले आहेत. आणि या दोघांचं जमवून देताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

आमच्या समोरच्या नानांनी वाड्याच्या तुळईतून झोपाळ्याची फळी काढली. भेगा इपॉक्सीने भरल्या, वर इपॉक्सीचाच लेप दिला, दुसऱ्या दिवशी वॉर्निश मारलं. फळी अशी चकाकली की गल्लीतले लोक बघायला आले. आठवडा गेला तरी बोट लावलं की चिकट. "वाळलं असेल आता," म्हणत नानांनी वर पेपर अंथरला आणि टेकले. उठले तेव्हा पेपर फळीला आणि थोडा नानांना. ओढून काढला तर फळीवर सोन्याचा भाव उलट्या अक्षरांत उमटलेला. काकू म्हणाल्या, "असू द्या, तेवढंच सोनं घरात आलं."

मग संशयितांची रांग लागली. दुकानदाराने जुना डबा दिला, पावसाळी हवा आहे, थिनर भेसळीचं आहे. पॉलिशवाले मामा आले, त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "वॉर्निशला काही झालेलं नाही नाना. खालचं बघा."

मामांचं खरं होतं. तेलाचं वॉर्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं. हे काम लवकर व्हावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार चिमूटभर घातलेले असतात. इपॉक्सीला हवा लागत नाही, त्याचे दोन भाग एकमेकांतच गुंततात. हार्डनरमध्ये असतात अमाइन नावाची रसायनं. इपॉक्सी हाताला टणक लागलं तरी त्यातले काही अमाइन मोकळेच राहिलेले असतात. ते वरच्या ताज्या वॉर्निशच्या तळाशी पोचतात आणि त्या धातूच्या क्षारांना कामच करू देत नाहीत. वॉर्निश मग साखरेच्या कच्च्या पाकासारखं राहतं, ना पातळ ना घट्ट. त्यात पुन्हा लाकूड पहिला हात पिऊन टाकतं, इपॉक्सी एक थेंबही पीत नाही. सगळा जाड थर वरच बसून राहतो.

दुसरी भानगड पृष्ठभागावर असते आणि ती मला जास्त आवडते, कारण तिचा उतारा नळाला येतो. इपॉक्सी ओलं असताना हार्डनरमधले अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड धरतात आणि वर एक मेणचट पापुद्रा येतो. दिसतो न दिसतो असा, कधी नुसती चमक मंद करणारा. आपल्याकडे लोक तो थिनरने पुसतात किंवा थेट पॉलिश पेपर घासतात. थिनरला तो नीट दाद देत नाही आणि पेपरने तो ओरखड्यांत आणखी दाबला जातो. तो विरघळतो साध्या पाण्यात! कोमट पाणी, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, पाणी बदलत दोनतीनदा धुणं, लगेच स्वच्छ फडक्याने टिपणं. धुतल्यावर पाणी सगळीकडे सारखं पसरलं की समजावं निघाला. त्यानंतर पेपर. सागवानाला पाण्याने धुवा म्हटल्यावर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गोदामाईत फळी सोडून या म्हणालो होतो. पण वर इपॉक्सी असताना पाणी लाकडापर्यंत पोचतंच कुठे?

हार्डनर जास्त घातला की लवकर कडक होतं, हाही एक पक्का समज आहे. तो फायबरग्लासच्या कामातून आलेला असावा. तिथलं पॉलिएस्टर रेझिन थेंबाथेंबाने घातलेल्या द्रवाने चढतं आणि ते थेंब थोडे वाढवले तर खरंच घाई होते. इपॉक्सीत मात्र डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. वजनाचं प्रमाण असेल तर वजनकाटा, मापाचं असेल तर माप. हार्डनर उरला की तोच पुढे वॉर्निशच्या मुळावर येतो.

हवामानाचा हात आहेच, पण लोक समजतात तसा नाही. ढोबळमानाने 10 अंशांनी पारा चढला की इपॉक्सीचा वेग दुप्पट होतो. मे महिन्याच्या दुपारी जाड थर एकदम ओतला तर भांड्यातच तापून धुरावतो. पौषात निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत तेच इपॉक्सी कुडकुडत पडून राहतं. साधारण उबेत बहुतेक इपॉक्सींना पूर्ण मुरायला आठवडा लागतो, थंडीत त्याहून जास्त. पावसाळ्यात तो मेणचट पापुद्रा हमखास येतो. मला विचाराल तर नाशकात हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी करावं, किंवा होळीच्या आगेमागे. उन्हात तापवून घाई करण्यातही मेख आहे. घरगुती इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नदीच्या टेबलावर चहाचं पातेलं ठेवलेल्यांना ते वर्तुळ ठाऊक असतं.

नानांची फळी खरवडावी लागली, त्याला इलाज नव्हता. पट्टीने चिकट थर ओढला, उरलेला थिनरने पुसला, मग धुणं, मग 120चा पेपर आणि 220चा. पुढे काय मारायचं यावर गच्चीत दोन पक्ष पडले. मी पीयूच्या बाजूचा, म्हणजे दोन डब्यांचं पॉलियुरेथेन. त्याचा स्वतःचा हार्डनर असतो, त्याला कोबाल्ट लागत नाही, त्यामुळे खालच्या अमाइनशी त्याचं वॉर्निशसारखं वाकडं नाही. पण ते मारताना नुसता रुमाल बांधून चालत नाही, फिल्टरचा मास्कच हवा, कारण त्यातले आयसोसायनेट छातीला वाईट. मामांचं मत वेगळं. मेण काढलेल्या लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, मध्ये पातळ हात द्यायचा आणि वर हवं ते तेलाचं वॉर्निश. लाख बहुतेक कशावरही बसते आणि बहुतेक काहीही तिच्यावर बसतं. पीयूची चमक मामांना प्लास्टिकची वाटते. खरं सांगायचं तर मलाही वाटते, पण ते मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

शेवटी फळीच्या पोटाकडे वीतवीतभर दोन पट्ट्या मारल्या आहेत, एक माझी, एक मामांची. नाना रोज सकाळी दोन्हींवर नख रुतवून बघतात आणि निकाल सांगत नाहीत. काकूंचं म्हणणं एवढंच, की झोपाळा दिवाळीच्या आत टांगला नाही तर त्या बाजारातून लोखंडी आणणार आहेत, आणि त्याला रंग कारखान्यातूनच येतो.