सिंधुदुर्गातल्या निवडणुकांचे जुने निकाल जमवताना : माझा अनुभव

जिंकलेल्याचं नाव कुठे ना कुठे सापडतंच. हरलेला कोण आणि किती मतांनी, एवढं विचारलं की कार्यालयं गप्प बसतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत निवडणुकांचे गाववार निकाल जुळवताना नव्वद टक्के डोकेदुखी याच एका गोष्टीची झाली, म्हणून लिहितोय तेही मुख्यतः तिच्याबद्दलच.

जुना काळ आधी उरकतो, कारण तो तुलनेने सोपा गेला. ब्रिटिश अमलातल्या मालवण, देवगड, वेंगुर्ले भागाला १८८४चा आणि पुढे १९२३चा लोकल बोर्डाचा (म्हणजे जिल्हा परिषदेआधीच्या स्थानिक संस्थेचा) कायदा लागू होता. मतदार सारा किंवा कर भरणारे, म्हणून याद्याही छोट्या. सावंतवाडी आणि कुडाळकडचा भाग १९४८पर्यंत संस्थानात होता. तिथल्या गावांचं नाव रत्नागिरी जिल्हा लोकल बोर्डाच्या कागदांत शोधत बसू नका, ते असणारच नाही. १९६२चं रत्नागिरीचं गॅझेटिअर लोकल बोर्डाच्या काळापुरतं उपयोगी आहे. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ला, त्यामुळे पुढचं त्यात मिळत नाही.

जिल्हा परिषदेच्या सार्वत्रिक निवडणुका १९६२, १९६७, १९७२, १९७९ आणि मग एकदम १९९२. मधली तेरा वर्षं राज्यात निवडणूकच झाली नाही. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला, म्हणजे बरोबर त्या खिंडीत. म्हणून पहिल्या चार निवडणुका रत्नागिरी जिल्ह्याच्या म्हणून मागायच्या आणि सिंधुदुर्गाच्या नावाने १९९२पासून पुढच्या. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘सिंधुदुर्ग जिल्हा परिषद १९७९’ असं लिहिलंत तर ‘अशी निवडणूक झालेली नाही’ हे उत्तर येईल, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल! तीच गत दोडामार्गची. तालुका १९९९चा, त्याआधीचे निकाल सावंतवाडी तालुक्याच्या गठ्ठ्यांत.

आता अडलेली जागा. एका तालुक्याच्या ठिकाणचं कार्यालय, कुठलं ते सांगत नाही. ग्रामपंचायतींचे १९९५नंतरचे निकाल, उमेदवारनिहाय मतांसह, एवढीच मागणी. उत्तर एका ओळीचं : ‘सदर अभिलेख विहित कालावधीनंतर नष्ट करण्यात आले असल्याने माहिती उपलब्ध नाही.’ वाचून संताप येतो, पण हे उत्तर म्हणजे शेवट नव्हे. सरकारी कागद वर्गवारीने ठेवतात. अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग पाच-दहा वर्षं आणि ड वर्ग एक वर्ष. मतपत्रिका, पोचपावत्या, केंद्रांवरचं किरकोळ साहित्य लवकर जातं, ते जायलाच हवं. पण निवडून आलेल्यांची अधिसूचना आणि मतपत्रिका एकाच वर्गात बसत नाहीत. अडचण अशी की बांधताना सगळं एकाच लाल रुमालात बांधतात, वर एक चिठ्ठी, ‘ग्रा.पं. निवडणूक’ आणि साल. मग नष्ट करायच्या दिवशी रुमाल सोडून आतलं वेगळं काढायला वेळ कुणाला असतो? आणि कधी कधी याच्या उलट असतं. काहीही नष्ट झालेलं नसतं, फक्त माळ्यावरचा गठ्ठा उतरवायचा कंटाळा असतो.

या दोन्हींवर उपाय एकच. दुसरा अर्ज टाका आणि त्यात निकाल मागूच नका. मागा ते असं : अमुक निवडणुकीच्या अभिलेखांचं वर्गीकरण दाखवणारी नोंद, ते नष्ट करण्यास मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रत आणि नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची प्रत. कागद खरोखर नष्ट झाले असतील तर यादी निघते, आणि यादीवरून काय गेलं नि काय राहिलं ते कळतं. यादी नसेल तर ‘नष्ट केले’ हे कशाच्या आधारे लिहिलं, ते सही करणाऱ्यालाच सांगावं लागतं. माझ्या बाबतीत यादी निघाली नाही, गठ्ठा निघाला. दोन निवडणुकांची निकालपत्रकं शाबूत, कडांना वाळवी लागलेली, पण आकडे स्वच्छ वाचता येत होते. त्या क्षणी साहेबांशी वाद घालायची खुमखुमी गिळली आणि गुपचूप पानं मोजून पैसे भरले. तुम्हीही तेच करा.

अर्जाचे बारकावे. नमुना जोडपत्र ‘अ’चा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. चार निवडणुका, तीन तालुके असं एकत्र लिहिलं की पहिल्याच मुद्द्याचं उत्तर देऊन बाकीचं सोडून देतात. ‘का’, ‘कसं’, ‘कोणी सांगितलं’ असे प्रश्न नकोत. कागदाचं नाव लिहा : निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी, मतमोजणीचं निकालपत्रक, निवडून आलेल्या सदस्यांची अधिसूचना. ‘निवडणुकीची सर्व माहिती’ लिहिणाऱ्याला ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन अवलोकन करावे’ असं उत्तर येतं. खरं तर ते उत्तर आलं तर आनंद माना. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, आणि गठ्ठा समोर आला की न मागितलेलंही दिसतं. प्रत दोन रुपये पान. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टँप. पहिल्या अपिलाच्या नुसत्या नोटिशीनेच बरीच कपाटं उघडतात. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३). ‘तिकडे जाऊन अर्ज करा’ असं तोंडी ऐकून उठू नका, लेखी मागा.

अजून एक, टेबल चुकतं ते इथे. लोकसभा-विधानसभा पाहणारी निवडणूक शाखा वेगळी, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद निवडणुकांचं टेबल बहुतेक ठिकाणी वेगळं. राज्य निवडणूक आयोग १९९४चा. त्याआधीच्या निवडणुकांबद्दल आयोगाला विचारण्यात अर्थ नाही, त्या जिल्हा महसूल यंत्रणेनेच घेतलेल्या. राजपत्र मात्र दोन्ही काळांत हाताशी असतं. त्यात निवडून आलेल्यांची नावं असतात, मतं नसतात.

ग्रामपंचायतीत गेलात तर भिंतीवरचा सरपंचांचा फलक बघा, पण त्यावर विसंबू नका. रंगाऱ्याने लिहिलेली नावं आणि ‘ते’च्या दोन्ही बाजूंना सालं. त्यात प्रशासकाचा काळ नसतो, अविश्वास ठरावानंतर काही महिने प्रभारी असलेले उपसरपंच नसतात, आणि शेवटच्या नावापुढची जागा कोरी असते. खरी नोंद इतिवृत्ताच्या वहीत, निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेची. सरपंच सदस्यांतून निवडला गेला असेल तर कोणी कोणाला सुचवलं, हात वर केले की गुप्त मतदान झालं, तेही तिथेच मिळतं.

तक्ता करताना सरपंचपदाला ‘निवड कशी’ असा एक रकाना ठेवाच. २०१७ला थेट जनतेतून, २०२०मध्ये तो नियम रद्द, २०२२ला पुन्हा थेट. त्यामुळे जानेवारी २०२१च्या मतदानातल्या गावांचा सरपंच सदस्यांनी निवडला, आणि ऑक्टोबर २०१७ व १८ डिसेंबर २०२२ या तारखांच्या गावांचा मतदारांनी. जिल्ह्यातल्या तीनशेहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान त्या एका डिसेंबरच्या दिवशी होतं. उरलेल्या वेगवेगळ्या महिन्यांत. सगळ्यांना एकच तारीख लावली की पुढची आरक्षणाची सगळी जुळणी बिघडते. पक्षाचा रकाना ग्रामपंचायतीला ठेवूच नये. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष तीच गावं आपली म्हणून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचेही आकडे छापून येतात.

बिनविरोध झालेल्या प्रभागांत मतांचा आकडा नसतो, तिथे शून्य लिहू नका, ‘बिनविरोध’ लिहा. कोकणात अशी गावं कमी नाहीत. समान मतं दिसली तरी चूक समजू नका, चिठ्ठी टाकून निकाल लागलेला असतो.

जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण, म्हणजे त्यांचे मतदारसंघ, दर वेळी बदलतात, नाव तेच राहून आतली गावं बदलतात. म्हणून निकालाबरोबर त्या वर्षीच्या प्रभाग रचनेची अधिसूचना, गावांच्या यादीसह, मिळवल्याशिवाय २०१२ आणि २०१७ शेजारी मांडू नका. आणि २०२२च्या रचनेचा कागद हाती आला तर तो बाजूला ठेवा. सदस्यसंख्या वाढवून गट आखले गेले, मग ऑगस्टमध्ये तो निर्णय फिरला, आणि मार्च २०२२ला मुदत संपलेल्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला तो पुढे काही वर्षं बसलाच. त्या आखणीवर एकही मत पडलेलं नाही. निवडणुका अडकण्यामागे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१चा निकाल होता. अडकलेल्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, हा आदेश आला तो ६ मे २०२५ला.

कुडाळ, दोडामार्ग, वैभववाडी, देवगड इथल्या ग्रामपंचायतींची मालिका साधारण २०१५च्या सुमारास तुटते, कारण तिथे नगरपंचायती आल्या. त्या ग्रामपंचायतींची जुनी इतिवृत्तं नव्या नगरपंचायतीच्या कपाटात गेली असतील, तेव्हा अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचा, पंचायत समितीच्या नव्हे.